‘मग होत का नाही?’ या प्रश्नास अनावृत पत्र

प्रिय प्रश्ना,



बारावीच्या वर्गात तू साधारण गणपतीच्या आगेमागे येतोस. फळ्यावर डेल्टा जीचं गणित सुटत आलेलं असतं. उत्तर ऋण येतं, ‘ऋण म्हणजे अभिक्रिया आपोआप घडणारी’ असं मी खाली लिहितो. तेवढ्यात मागच्या बाकांवरून कुणीतरी, बहुतेक वेळा एरवी हजेरीपलीकडे तोंड न उघडणारं, विचारतं, "सर, मग होत का नाही?"

वर्गात थोडा हशा पिकतो आणि विचारणारा खाली बसतो. रसायनशास्त्र शिकवताना समोर येणाऱ्या सगळ्या प्रश्नांत मला सर्वाधिक आदर तुझ्याबद्दल आहे. आणि तुझ्याशी जितकं वाईट वागलं जातं, तितकं दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाशी वागलं जात नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत वाचलं जावं अशा बेतानं लिहितो आहे.

तुला वाटेला लावायची उत्तरं ठरून गेली आहेत. ‘ते पुढे कायनेटिक्समध्ये येईल.’ ‘ते सिलॅबसमध्ये नाही.’ ‘सीईटीला असलं विचारत नाहीत.’ आमच्या पुस्तकात ऊष्मागतिकी चौथ्या धड्यात आहे आणि अभिक्रियांचा वेग सहाव्यात. मधे विद्युतरसायन. चौथ्या धड्यात विचारलेल्या तुला सहाव्या धड्यापर्यंत थांबायला सांगतात, आणि तोवर विचारणाराच तुला विसरलेला असतो. सहावा धडा सुरू होतो तो अर्धायुष्याच्या सूत्रांनी आणि आलेखांच्या उतारांनी. तिथे चौथ्या धड्याची कुणी आठवणही काढत नाही. पोरं दोन्ही धड्यांत पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि दोन्ही धडे एकाच वस्तूबद्दल बोलतात हे त्यांना कुणी सांगतच नाही.

तुझं म्हणणं खरं तर सरळ आहे. ऊष्मागतिकी सुरुवात बघते आणि शेवट बघते. मधे काय घडतं, ते घडायला क्षण लागेल की युग, याबद्दल तिच्याकडे काही नाही. डेल्टा जीच्या समीकरणात एन्थाल्पी आहे, तापमान आहे, एन्ट्रॉपी आहे. वेळ नाही. ज्या समीकरणात वेळच नाही, त्याच्या उत्तरावरून ‘घडते’ असा वर्तमानकाळ आम्ही वापरतो, आणि तो कानाला खटकून ज्याचा हात वर जातो त्याला आम्ही खाली बसवतो.

आमच्या वाळवा-कराड पट्ट्यात तू बहुतेकदा साखरेवरून येतोस, आणि ते योग्यच आहे. उसाच्या साखरेचा रेणू पाण्याशी संयोग पावून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. या अभिक्रियेचं डेल्टा जी मोलला उणे 29 किलोजूलच्या आसपास आहे. म्हणजे साखरेचं पाणी करून ठेवलं तर साखर जवळजवळ सगळीच्या सगळी मोडायला हवी. एका मुलीनं हे गणित बघून विचारलं होतं, "सर, ऊस तोडून फडात दोन दिवस पडला की उतारा पडतो असं वडील म्हणतात. म्हणजे साखर मोडते. मग घरच्या पाकातली का मोडत नाही?" तिच्या एका प्रश्नात चार शास्त्रज्ञांची आयुष्यं होती, आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

पहिला लुडविग विल्हेल्मी. या जर्मन संशोधकानं 1850 मध्ये साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि ध्रुवित प्रकाश त्यातून सोडून तो किती वळतो हे बघत बसला. साखरेचं द्रावण प्रकाशाची पातळी उजवीकडे फिरवतं, मोडल्यानंतरचं मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हातही न लावता, किती साखर उरली हे त्याला मिनिटामिनिटाला वाचता येत होतं. मोडण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हे त्यानं समीकरणात मांडलं. अभिक्रियेच्या वेगाचं हे पहिलं गणिती समीकरण मानलं जातं. त्याच्या हयातीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

दुसरा स्वान्टे आर्‍हेनियस. व्हांट हॉफनं 1884 मध्ये रासायनिक गतिकीवर ग्रंथ लिहिला होता (रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, 1901 चं, त्यालाच मिळालं). त्याच्या पायावर उभं राहून आर्‍हेनियसनं 1889 मध्ये जो निबंध लिहिला, त्याचा विषय होता आम्लानं उसाची साखर मोडण्याचा वेग. तापमान थोडंसं वाढलं की वेग इतका का उसळतो, हे त्याला कोडं होतं. द्रावणातली सगळी साखर एकाच स्थितीत नसते, अगदी थोडे रेणू ‘सक्रिय’ असतात आणि फक्त तेच मोडतात, अशी त्यानं कल्पना केली. पोरं ज्याला ॲक्टिव्हेशन एनर्जी म्हणतात, ती अशी साखरेतून निघाली. तिसऱ्या पायरीवर आहेत लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन. त्यांचा 1913 चा विकरांवरचा निबंध ज्या विकरावर आहे ते इन्व्हर्टेज, म्हणजे साखर मोडणारंच. साठएक वर्षांत वेगाच्या शास्त्राची तीन मोठी पावलं एकाच अभिक्रियेवर पडली, आणि ती अभिक्रिया आमच्या पोरांच्या शेतात रोज चालते. पुस्तकात मात्र ती उदाहरण म्हणून दीड ओळीत उरकलेली असते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या मुलीला दिलेलं उत्तर तुलाही सांगतो. आम्लातल्या या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलला सुमारे 108 किलोजूल आहे. आर्‍हेनियसच्या सूत्रात हा आकडा आणि 25 अंश सेल्सियस घातले, तर तेवढी ऊर्जा अंगी असलेल्या रेणूंचं प्रमाण दहाच्या एकोणिसाव्या घातात एक, इतकं हलकं येतं. आता तापमान 35 अंश करू. केल्व्हिनमध्ये ही वाढ 298 वरून 308, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. वेग मात्र चौपटीच्या घरात जातो. दर 10 अंशांना वेग दुप्पट, हा जो नियम क्लासमध्ये घोकून घेतात, तो सक्रियण ऊर्जा 53 किलोजूलच्या आसपास असेल तरच, आणि तोही नेहमीच्या तापमानाला, खरा ठरतो. साखर तो पाळत नाही. पाकात आम्ल नसेल, विकर नसेल, तर नेहमीच्या तापमानाला निम्मी साखर मोडायलाच शेकडो वर्षं लागतील. तोडलेल्या उसात मात्र इन्व्हर्टेज आधीपासून हजर असतं, कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, आणि वर फेब्रुवारी-मार्चचं ऊन. तिचे वडील जे सांगत होते ते मायकेलिस आणि मेंटेनचंच म्हणणं होतं.

कारखान्यात गेलं तर तुझं उत्तर यंत्रांत ओतलेलं दिसतं. ताजा रस थोडा आम्लधर्मी असतो, सामू पाचाच्या थोडा वर. तसाच उकळला तर साखर पोत्यात जायच्या आधीच मोडेल, म्हणून त्यात चुना मिसळून सामू सातच्या आसपास आणतात. चुन्यानं गाळही खाली बसतो, पण आम्ल मारणं हेही तितकंच मोठं काम. पुढे रस आटवतात तो व्हॅक्यूम पॅनमध्ये. दाब कमी केला की तो साठ-सत्तर अंशांच्या आसपासच उकळतो, आणि तापमान कमी म्हणजे मोडण्याचा वेग कितीतरी कमी. म्हणजे डेल्टा जी बदलण्याचा प्रयत्न इथे कुणीच करत नाही, कारण ते बदलता येत नाही. सगळी धडपड आहे ती वेळ विकत घेण्याची. गुऱ्हाळावरचा गुळव्या हेच उघड्या काहिलीत करतो. शिळ्या, आंबूस उसाचा गूळ घट्ट बसत नाही हे त्याला रसाच्या वासावरून कळतं, कारण त्यात मोडलेली साखर जास्त असते. घरात पाक करताना लिंबू पिळतात तेव्हा नेमकं उलटं हवं असतं. थोडी साखर मोडावी, म्हणजे उरलेली पुन्हा दाणेदार जमणार नाही.

हे सगळं सांगून झालं तरी तू पुरता जात नाहीस, हे मला माहीत आहे. ‘ऊर्जेचा अडथळा’ म्हणजे नक्की काय, हे डोळ्यांसमोर आलेलं नसतं. मग मी वाई-पोलादपूर रस्ता काढतो. पोलादपूर वाईपेक्षा कितीतरी खाली आहे. पण वाईहून निघालेली गाडी आधी पसरणीचा घाट चढते, महाबळेश्वरला जाते आणि मगच आंबेनळीनं खाली उतरते. डेल्टा जी म्हणजे वाई आणि पोलादपूर यांच्या उंचीतला फरक. गाडीत महाबळेश्वर गाठण्यापुरतं इंधन नसेल तर तो फरक कितीही असो, ती वाईतच राहणार. पण इथेच थांबलो तर मी पोरांची फसवणूक करतो. गाडी एकच असते, रेणू असंख्य असतात, आणि ऊर्जा त्यांच्यात सारखी वाटलेली नसते. सतत एकमेकांवर आपटून ते ती देत-घेत असतात. आता रिकामा असलेला रेणू क्षणात भरलेला असू शकतो. सरासरी रेणू घाट कधीच चढत नाही. चढतात ते वितरणाच्या टोकाला असलेले मोजके, आणि तापमान वाढवलं की सरासरी किंचित सरकते, टोक मात्र भरभक्कम फुगतं. चौपटीचं रहस्य तिथे आहे.

तुझं सर्वात देखणं रूप मला प्रयोगशाळेत दिसतं. परमँगनेटची दोन टायट्रेशनं बारावीला असतात, एक मोहर्स सॉल्टशी, दुसरं ऑक्झॅलिक आम्लाशी. दोन्हींत विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं, दोन्हींत ब्युरेटमधून जांभळं द्रावण थेंब थेंब सोडायचं, दोन्हींत फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. फरक एवढाच की ऑक्झॅलिक आम्लाचा चंबू आधी गरम करावा लागतो, साठ-सत्तर अंशांपर्यंत. तोंडी परीक्षेत ‘गरम का करतात?’ असं विचारलं की ‘थंडीत अभिक्रिया सावकाश होते म्हणून’ हे उत्तर पाठ असतं, आणि परीक्षक समाधानानं मान डोलावतो.

पण पाचव्या धड्यातले विभव काढून बघ. मोहर्स सॉल्टमधल्या लोहाशी परमँगनेटची जोडी जुळवली तर पाऊण व्होल्टच्या आसपास येतो. ऑक्झॅलिक आम्लाशी जुळवली तर सुमारे 2 व्होल्ट. म्हणजे ऊष्मागतिकीच्या हिशेबात ऑक्झॅलिक आम्लाची अभिक्रिया लोहाच्या अडीच पटींहून अधिक जोरदार असायला हवी, आणि प्रत्यक्षात चिवटपणे थांबून राहते तीच. लोहाला फक्त एक इलेक्ट्रॉन सोडायचा असतो, कुठलाच बंध तोडायचा नसतो. ऑक्झॅलिक आम्लाला दोन कार्बनमधला बंध तोडून कार्बन डायऑक्साइड व्हायचं असतं. पोरांना हे माझ्या तोंडून ऐकण्याआधी चंबूत बघता यावं असं मला वाटतं. पहिला थेंब पडतो, गुलाबी होतो, आणि हलवत राहिलं तरी रंग रेंगाळतो. घाई करणारा इथेच शेवट झाला समजून आकडा लिहून टाकतो. थांबणाऱ्याला दिसतं की रंग गेला. दुसरा थेंब लवकर जातो, चौथा-पाचवा पडता पडता विरतो. अभिक्रियेतून तयार झालेलं मँगनीज तिलाच पुढे ढकलतं. वेगाचे नियम, सक्रियण ऊर्जा, उत्प्रेरण, ऊष्मागतिकीची मर्यादा, सगळं एका चंबूत. या प्रयोगासाठी नवं उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही. वेळापत्रकात दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढीच मिळत नाहीत.

सेंद्रिय रसायनात गेल्यावर तर तुझ्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि तिथेच तुला दारात थांबवतात. ‘ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर’ ही समजूत इतकी मुरली आहे की पोरं अभिक्रियांचे तक्ते वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवतात. ब्युटाडाइन घ्या. त्याला हायड्रोजन ब्रोमाइड जोडलं की दोन उत्पादितं मिळतात. ब्रोमीन एकात हायड्रोजन जोडलेल्या कार्बनच्या शेजारच्या कार्बनवर बसतो, दुसऱ्यात साखळीच्या टोकाला. उणे 80 अंशांना पहिलं सुमारे 80 टक्के, दुसरं 20. 40 अंशांना बरोबर उलट. पाठ करणाऱ्याला हे दोन वेगळे नियम वाटतात. तुझी सवय असलेला विचारतो, कोणतं लवकर तयार होतं आणि कोणतं जास्त स्थिर आहे? मग उत्तर आपोआप उलगडतं. हायड्रोजन जोडला गेल्यावर धनप्रभार दोन कार्बनांवर वाटलेला असतो. शेजारी बसणं सोपं, म्हणून थंडीत तेच घडतं आणि बसलेला ब्रोमीन पुन्हा उठू शकत नाही. उबेत तो उठतो, बसतो, पुन्हा उठतो, आणि शेवटी ज्यात दुहेरी बंध अधिक सुस्थितीत आहे तिथे गर्दी होते. थंडीत राज्य वेगाचं, उबेत समतोलाचं. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडमध्ये हायड्रॉक्साइड दुप्पट केलं तरी वेग का वाढत नाही, ज्यावरून ह्यूज आणि इंगोल्ड यांनी 1930 च्या दशकात अभिक्रियेचे टप्पे ओळखले, तेही याच वाटेनं समजतं.

आमच्याकडे दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे येतात. त्यांच्या मनात तू मराठीत उगवतोस आणि तोंडापर्यंत येईस्तो इंग्रजी वाक्य जुळत नाही म्हणून गिळला जातोस. वर्गात कुठल्याही भाषेत, अर्ध्या वाक्यात, नुसतं "पण सर..." एवढ्यावर तुला यायची मुभा असली पाहिजे. बाकीचं वाक्य पुरं करणं हे शिक्षकाचं काम आहे.

हे मी आग्रहानं म्हणतो याला दुसरंही कारण आहे. यातली बरीच मुलं बीएस्सी करून महाड, लोटे, कुरकुंभच्या एमआयडीसीत केमिस्ट म्हणून लागतात. तिथे ‘होईल का’ यापेक्षा ‘किती वेगानं होईल’ हे आधी विचारावं लागतं. उष्मादायी अभिक्रियेत उष्णता सुटते, तापमान वाढतं, वेग घातांकानं चढतो आणि आणखी उष्णता सुटते. थंड पाण्याची नळी मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच उष्णता वाहून नेते. चंबूत जे निमूट चालतं तेच पाच हजार लिटरच्या पात्रात आवरेनासं होऊ शकतं, कारण आकारमान वाढलं तितका पृष्ठभाग वाढत नाही. भोपाळला 1984 च्या डिसेंबरमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एल. के. दोराईस्वामी आणि माटुंग्याच्या यूडीसीटीतले एम. एम. शर्मा यांचा ‘हेटरोजीनियस रिॲक्शन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या दोन खंडांचा मोठा भाग तुझ्याच उत्तरात खर्ची पडला आहे. वर्गात गप्प बसायला शिकलेला मुलगा कारखान्यात अचानक विचारायला लागेल, अशी आशा मला करवत नाही.

यंदा चौथा धडा संपण्याआधी मी चार परीक्षानळ्या लावणार आहे. चारींत साखरेचं पाणी. एक तशीच, दुसरीत विरल आम्ल, तिसरीत तेच आम्ल पण नळी गरम पाण्यात, चौथीत बेकरीचं यीस्ट, कारण त्यात इन्व्हर्टेज असतं. दर काही मिनिटांनी थोडं द्रावण काढायचं, आम्ल असेल तर खायच्या सोड्यानं मारायचं आणि बेनेडिक्टची चाचणी करायची. न मोडलेली साखर निळीच राहते, मोडलेली विटकरी होते. पोलॅरिमीटर नसलेल्या कॉलेजातही विल्हेल्मीचा प्रयोग असा होऊ शकतो.

आणि यीस्टच्या नळीवरून तुझ्या पाठोपाठ येणारा प्रश्न मला आताच दिसतो आहे: यीस्टनं वेग इतका वाढवला, तर शेवटी उरणारी साखरही कमी झाली असणार ना? नाही झाली. उत्प्रेरक जाण्याचा आणि येण्याचा घाट सारखाच उतरवतो. तो समतोल सरकवू शकत असता, तर दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात अमोनियाची अभिक्रिया ठेवून उत्प्रेरक नुसता उघडला-झाकला असता तरी दट्ट्या वरखाली होत राहिला असता, आणि भोवतालच्या उष्णतेवर एक यंत्र कायम फुकट चाललं असतं. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम त्याला परवानगी देत नाही. ऊष्मागतिकी वेगाबद्दल काही बोलत नाही, पण वेग वाढवणाऱ्याला काय करता येणार नाही हे ती ठामपणे सांगते. हा युक्तिवाद बारावीच्या मुलाला एका तासात पुरा समजतो. तेवढा तास मी तुझ्यासाठी राखून ठेवला आहे.

तुझा,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक